खोट्या प्रश्नाला दंड

कोणी विचारो न विचारो, फ्रेमवाल्याचं मत तयार असायचं. मुलांना काय शिकवावं, कसं शिकवावं आणि कधी अजिबात शिकवू नये, यावर तर तो काच कापता कापता तासभर बोलू शकत असे. बोलताना त्याची रेघ वाकडी गेली असं कोणी कधी पाहिलं नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही वाटायचं, हातातली काच एवढी सरळ कापतोय म्हणजे तोंडातून निघतंय तेही सरळच असणार.

दुकान पुढे होतं आणि घर मागे, मध्ये एक पडदा. दुकानात डाव्या भिंतीवर फ्रेमच्या कोपऱ्यांचे नमुने टांगलेले, उजवीकडे काचा उभ्या करून ठेवलेल्या, आणि मधल्या लांब टेबलावर करवत, पट्ट्या, काटकोन तपासायचा गुण्या, खिळ्यांचे डबे. त्या टेबलाच्या एका टोकाला तो काम करायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याची लेक शिकायची. ती नऊ वर्षांची होती. एका जागी बूड टेकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे, आणि खरं नाव हाक मारायला वापरलं तर ती मागे वळून दुसरं कोणी आलंय का ते बघायची.

सुरुवातीला तिला रीतसर शाळेत घातलं होतं. एकदा वर्गात बाईंनी विचारलं, आकाशाचा रंग कोणता? भिंगरीने खिडकीतून वाकून बघितलं आणि "आज राखाडी" असं सांगितलं. उत्तर चुकलं. त्यानंतर रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं आणि सुट्टीच्या दिवशी आपोआप बरं व्हायला लागलं. फ्रेमवाल्याने चार-सहा आठवडे हे पाहिलं आणि मग ठरवून टाकलं, पोरगी घरीच शिकेल. बायको म्हणाली, "तुला जमेल?" तो म्हणाला, "न जमायला काय झालं?" यावर त्या घरात चर्चा संपत असे.

घरच्या शाळेत वेळापत्रक नव्हतं, घंटा नव्हती, पण एक कायदा मात्र कडक होता. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, तो प्रश्न दुसऱ्याला विचारायचा नाही. असा प्रश्न म्हणजे खोटा प्रश्न. आणि खोटा प्रश्न विचारणाऱ्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची.

या कायद्याचा पहिला बळी आई. ती रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्यांकडे डोळे लावून दमून घरी यायची आणि दारातच म्हणायची, "हा पसारा कोणी घातलाय?" आतून लगेच आवाज यायचा, "आई, खोटा प्रश्न." कारण पसारा कोणी घातला हे तिला पक्कं माहीत असायचं. बिचारीने पहिल्या महिन्यात इतकी भांडी घासली की पुढे तिने प्रश्न विचारणंच सोडून दिलं आणि ती सरळ हुकूम सोडायला लागली. घर तेव्हापासून जरा आवरलेलं दिसू लागलं, हा कायद्याचा फायदाच म्हणायचा.

फ्रेमवाल्याला त्या कायद्याचा भारी अभिमान होता. मुलांना घरी शिकवणाऱ्या आईबापांचा एक गट दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचा. कोणी नकाशाची कोडी आणायचं, कोणी लोहचुंबकं, कोणी स्क्रू ढिला झालेला जुना सूक्ष्मदर्शक. आज तुमचं आमच्याकडे, पुढच्या आठवड्यात आमचं तुमच्याकडे, अशी अदलाबदल चालायची. तिथे फ्रेमवाल्याला लोक गुरुजी म्हणायचे. थोडं कौतुकाने, थोडं चिडवायला. त्याला दोन्ही चालायचं.

आणि खरं सांगायचं तर त्याच्या कल्पना चांगल्या असायच्या. पत्र लिहायला शिकवायचं तर खोटंखोटं मामाला पत्र लिहायला लावू नका, तो म्हणायचा. माझी लेक गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिहिते, तुमचं चित्र तयार आहे, येऊन घेऊन जा. चिठ्ठीत घोळ झाला तर गिऱ्हाईक येत नाही, मग तीच पुन्हा नीट लिहिते. परिमिती शिकवायची तर पट्टी कापू द्या, कमी पडली की आयुष्यभर लक्षात राहतं. इतिहासासाठी पुस्तकच कशाला पाहिजे? माझ्या दुकानात विकायला चित्रं येतात. ज्या दिवशी जे चित्र आलं, त्या संध्याकाळी त्याची गोष्ट. जहाज आलं तर जहाजाची, आगगाडी आली तर आगगाडीची.

गटात एक बेकरीवाली होती. जुळ्या मुलांची आई, बोलायला स्पष्ट. तिने एकदा विचारलं, "गुरुजी, हे सगळं झकास आहे. पण मुलांना किती आलं, ते कसं कळायचं?"

"कळतं," फ्रेमवाला म्हणाला.

"कसं?"

"रोज बरोबर असतो आपण. बापाला कळतं."

बेकरीवालीने मान डोलावली खरी, पण घरी गेल्यावर तिने जुळ्यांना समोर बसवून पाढे म्हणायला लावले. हे तिने गुरुजींना कधी सांगितलं नाही.

फ्रेमवाल्याची मोठी बहीण शाळेत शिकवायची. भिंगरीची ही आत्या आली की दुकानात वाद ठरलेला. ती म्हणायची, "एकदा पोरीची परीक्षा घेऊन तर बघ."

"ताई, दर मिनिटाला डाव घालून ढवळलं तर भात शिजत नाही, त्याचा लगदा होतो."

"आणि एकदाही नाही ढवळला तर खाली लागतो."

"माझा नाही लागत," तो म्हणायचा आणि करवत चालू करायचा, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

मग एक दिवस शिक्षण कार्यालयातून निरोप आला. घरी शिकणाऱ्या मुलांची पाहणी करायला एक अधिकारी बाई येणार होत्या. त्यांचं समाधान झालं तर आणखी एक वर्ष परवानगी, नाही झालं तर पुढच्या सत्रापासून मुलीला शाळेत पाठवायचं. यात घासाघीस करायला जागा नव्हती.

बायकोने तो निरोप पुन्हा एकदा वाचला. "थोडी तयारी करून घे तिची," ती म्हणाली.

"कसली तयारी? पोरगी तयारच आहे."

"मोठे भागाकार येतात तिला?"

"येतात ना."

"तू विचारून बघितलंस?"

"खोटा प्रश्न," तो हसत म्हणाला. ती हसली नाही. दिवा मालवून ती दुसऱ्या कुशीवर वळली, आणि फ्रेमवाला मात्र पडल्या पडल्या घोरायला लागला. झोप कशी लागायची ही अडचण त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

पाहणीच्या दिवशी आईने उशिराची पाळी मागून घेतली होती. बाई वेळेवर आल्या. मध्यम वयाच्या, मोठी पिशवी, चालून चालून झिजलेल्या टाचा. त्यांनी दुकान शांतपणे पाहिलं, कोपऱ्यांचे नमुने पाहिले, भिंगरीच्या चिठ्ठ्या वाचल्या, आणि चहा घेतला. फ्रेमवाल्याला वाटलं, काम फत्ते. मग बाई टेबलाशी स्टुलावर बसल्या, पेन उघडलं आणि सोपा प्रश्न आधी घ्यावा म्हणून त्यांनी विचारलं, "काटकोन किती अंशांचा असतो?"

भिंगरीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या त्या सगळ्या कोपऱ्यांकडे. "तुम्हाला खरंच माहीत नाही?" तिच्या आवाजात कीव होती.

"मला माहीत आहे."

"मग हा खोटा प्रश्न झाला."

"असं?" बाई म्हणाल्या. "बरं, सहा नवे किती?"

"तेही तुम्हाला माहीत असणार."

"आहे."

"मग हाही खोटा. खोटा प्रश्न विचारला की भांडी घासावी लागतात," भिंगरीने समजावलं. "पण तुम्ही पाहुण्या आहात. तुम्ही फक्त तुमचा कप घासा."

फ्रेमवाला खळखळून हसला. आपली लेक आपल्याच शब्दांत बोलतेय हे ऐकून त्याची छाती फुगली होती. पडद्याशी उभ्या असलेल्या आईने डोळे मिटून घेतले. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"मी पुष्कळ घरी जाते," त्या म्हणाल्या. "मुलं लाजतात, रडतात, काही तर मागच्या दाराने पळून जातात. दंड मला आजच झाला. पण उत्तर मिळालं नाही तर मला तसंच लिहावं लागेल, आणि तसं लिहिलं की काय होतं ते तुम्हाला कळवलेलं आहे."

फ्रेमवाल्याचं हसू ओसरलं, पण आत्मविश्वास जागेवर होता. त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. उत्तर माहीत असूनही विचारणं हा मुलांचा कसा अपमान आहे, त्याने मुलं विचार करायचं सोडून मोठ्यांच्या तोंडाकडे कशी बघायला लागतात, राखाडी आकाशाचं काय झालं, सगळं सांगितलं. शनिवारच्या गटात या भाषणाला हमखास टाळ्या पडायच्या. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

"मला हे सगळं पटतं," त्या म्हणाल्या. "आता मला सांगा, तिला सहा नवे येतं का?"

"येणारच की."

"येणारच, की येतं?"

फ्रेमवाल्याने तोंड उघडलं. ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असायचं, त्याला आज एक साधं हो म्हणता येईना. त्याने पट्ट्या कापायला शिकवल्या होत्या, चिठ्ठ्या लिहायला शिकवल्या होत्या, गोष्टींचा तर पाऊस पाडला होता. पण त्यातलं काय पोरीच्या डोक्यात राहिलं आणि काय वाहून गेलं, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पाहायची वेळ आली की कायदा आडवा यायचा, आणि कायदा त्याचाच होता.

"उत्तर दे गं बाईंना," तो भिंगरीला म्हणाला.

"पण बाबा, बाईंना माहीत आहे. तुलाही माहीत आहे."

"असू दे. आज दे."

"का?"

हा 'का?' त्यानेच तिला शिकवला होता. आता तो गिळूनही चालणार नव्हतं. तो टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"हे बघ. सहा नवे चोपन्न, हे बाईंना माहीत आहे."

"आता तर तेही सांगून टाकलंस," पडद्याकडून आई म्हणाली.

"थांब जरा. बाईंना चोपन्न माहीत आहे. पण तुला काय येतं, ते त्यांना माहीत नाही." त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मलाही माहीत नाही."

भिंगरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुला कसं माहीत नाही? तूच तर शिकवतोस."

"मी सांगतो. तुझ्यापर्यंत त्यातलं किती पोचलं, ते मला खरंच माहीत नाही."

ती त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. बाप थापा मारताना कसा दिसतो हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि आत्ता तो तसा दिसत नव्हता. "म्हणजे हा खरा प्रश्न आहे," ती म्हणाली.

"शंभर टक्के."

"मग आधीच सांगायचं ना." तिने स्टूल पुढे ओढलं आणि बाईंना म्हणाली, "विचारा."

मग गाडी जी सुटली ती सुटलीच. पाढे तिने फडाफडा म्हणून दाखवले, तेराचासुद्धा. परिमिती, क्षेत्रफळ, निम्मं, पाव, दशांश, सगळं. दशांश तर तिला मिलिमीटरमुळे असे पाठ होते की बाईंनाच पुन्हा एकदा विचार करावा लागला. फ्रेमवाला सावकाश उठून उभा राहिला. त्याचे हात पुन्हा कमरेवर जायच्या बेतात होते.

"आठशे सदुसष्टला सतराने भाग," बाईंनी सांगितलं.

भिंगरीने कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "येत नाही," ती म्हणाली. "सतराचा तुकडा परत परत ठेवून मोजता येईल. पण आठशे सदुसष्ट सेंटिमीटर लांब पट्टी आपल्याकडे नाही."

फ्रेमवाल्याचे हात खाली आले. येतात ना, असं तो बायकोला म्हणाला होता. त्याने पडद्याकडे बघायचं टाळलं.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला विकायची चार चित्रं टेकवून ठेवली होती. दुहेरी पंखांचं जुनं विमान, धुराची आगगाडी, घोडागाडी आणि शिडाचं जहाज. "या चौघांच्या गोष्टी तुला येतात?"

"चारही."

"मग जे आधी आलं ते आधी, नंतरचं नंतर, अशी ओळीने लाव."

भिंगरी उडी मारून उठली. एका क्षणाचाही विचार न करता तिने पहिलं विमान ठेवलं, मग आगगाडी, मग घोडागाडी, आणि शेवटी जहाज. "विमान पार थंडीत आलं होतं," ती सांगू लागली. "आगगाडी त्याच्यानंतर. घोडागाडी मी आजारी होते तेव्हा. आणि जहाज परवाच आलं."

फ्रेमवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. प्रत्येक गोष्ट त्याने काय रंगवून सांगितली होती. खलाशी, वादळं, इंजिनात कोळसा टाकणारे काळवंडलेले लोक. फक्त कोणानंतर कोण, एवढंच सांगायचं राहिलं होतं. ते तर कोणालाही माहीत असतं, असं तो धरून चालला होता. त्याच्या लेकीच्या डोक्यात अख्खं जग त्याच्या दुकानात माल येईल तसतसं घडत होतं. त्याला बोलायचं होतं, पण बाईंनी बोट वर करून त्याला गप्प केलं.

"दुकानात ती या क्रमाने आली," बाई म्हणाल्या. "जगात कोणत्या क्रमाने आली असतील?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"क्रम मला माहीत आहे. तुला शोधून काढता येतो का, ते माहीत नाही."

भिंगरीने मान हलवली. प्रश्न खरा होता. ती चित्रांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. आयुष्यात पहिल्यांदा ती इतका वेळ एका जागी बसलेली पाहून आई पडद्याच्या बाहेर आली.

"जहाजाला शिडं आहेत," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "म्हणजे वारा नसला की अडलं. गाडीला घोडा. घोड्याला खायला घाला, पाणी पाजा. आगगाडी धुरावर चालते. एकदा इंजिन मिळाल्यावर वाऱ्याची वाट कोण बघत बसेल?" तिने जहाज आणि घोडागाडी उचलून पुढे आणली, त्यांच्यामागे आगगाडी सरकवली. विमानापाशी ती अडली. "याला पण इंजिन आहे, पण धुराडं नाही. उडायचं तर हलकं इंजिन लागणार. आधी जड बनवलं असेल, मग हलकं." विमान शेवटी गेलं. मग तिने पहिल्या दोन चित्रांकडे बोट केलं. "या दोघांत आधी कोण, ते चित्रात दिसत नाही. ते कोणाला तरी विचारावं लागेल."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. पेन कागदावर सरकत होतं आणि फ्रेमवाल्याला ते करवतीसारखं ऐकू येत होतं. अखेर त्यांनी मान वर केली.

"एक वर्ष देते," त्या म्हणाल्या. "मोठा भागाकार कच्चा आहे. काळाचा क्रम कच्चा आहे. पण काय येत नाही ते ती बिनदिक्कत सांगते, आणि सांगून थांबत नाही. हे पुष्कळ मुलांना जमत नाही. पुष्कळ बापांनाही."

"खरं आहे," फ्रेमवाला म्हणाला. एवढं छोटं वाक्य तो बोलू शकतो हे त्याच्या बायकोला नवीन होतं.

बाई गेल्या. आईने लेकीच्या केसांतून हात फिरवला, नवऱ्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि कामावर निघाली. दुकानात दोघंच उरले. फ्रेमवाल्याने एक पट्टी मापाला लावली, पुन्हा लावली, आणि न कापताच खाली ठेवली. भिंगरी अजून जमिनीवरच बसून होती.

"बाबा, मला काय येतं ते तुला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग तू कधी विचारलं का नाहीस?"

याचंही एक भाषण त्याच्याजवळ होतं, लगदा झालेल्या भाताचं. त्याने ते बाजूला ठेवलं.

"भीती वाटायची," तो म्हणाला.

"तुला?" तिला हसूच आलं. "कशाची?"

"तुला नाही आलं तर शाळेत घालावं लागेल, याची."

भिंगरीने यावर विचार केला. जहाजाचा केला तसाच, घाई न करता. "शाळेत मी काही एकटी पडले नसते," ती म्हणाली. "तिथे खूप मुलं असतात." मग तिने टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पाहिलं. "तू पडला असतास."

फ्रेमवाल्याने तिच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. पोटदुखीच्या पहिल्या सकाळी ती शाळेला न जाता त्याच्या टेबलाशी बसली होती आणि त्याला बरं वाटलं होतं, लाज वाटावी इतकं बरं वाटलं होतं. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, ताईला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "मी पडलो असतो."

तिने मान डोलावली, उठली, कोरा कागद घेतला आणि आपलं स्टूल ओढत ओढत त्याच्या टोकाला, अगदी त्याच्या शेजारी आणून ठेवलं.

"चल, शिकव," ती म्हणाली. "आठशे सदुसष्टला सतराने. आणि मला नाही आलं तर घाबरू नकोस."